सुप्याच्या माळावर, संक्रांतीनंतर

सुपे म्हटलं की पुण्यातली माणसं हटकून नगर रस्त्याकडे बोट दाखवतात. ते सुपे पारनेर तालुक्यातलं. मी म्हणतेय ते बारामती तालुक्यातलं, मोरगावच्या शेजारचं, शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं. या गावाजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. नाव मोरगावच्या गणपतीवरून पडलेलं. क्षेत्रफळ ५.१४ चौरस किलोमीटर, घोषणा १९९७ची. राज्यातल्या अगदी लहान अभयारण्यांपैकी हे एक. कर्जतजवळचं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य तर याच्याहूनही लहान, २.१७ चौरस किलोमीटरचं. सुप्याला वाघ नाही, तळं नाही, धबधबा नाही. आहे ते गवत, आणि त्या गवतात राहणारी चिंकारा हरणं.

मी हडपसरला राहते. आजोळ दौंड तालुक्यात, चौफुल्यापासून थोडं आत. लहानपणी हा मुलूख मी पाहिला तो मे महिन्याच्या सुट्टीत, करपलेला. हिवाळ्यातला माळ मला मोठेपणी भेटला आणि तेव्हापासून जानेवारीतला एक दिवस मी त्याच्यासाठी राखून ठेवते. यंदा मामांना बरोबर घ्यायचं ठरवलं होतं. मामांनी सत्तरी ओलांडलीय. आयुष्यभर शेती केली, मेंढरं नाहीत पण बैलं आणि गाई गायरानात वळल्या. अभयारण्यात मात्र ते कधी गेले नव्हते. "आपल्याच माळावर तिकीट काढून काय जायचं?" असं इतकी वर्षं म्हणायचे. या वेळी फोनवर एका शब्दात हो म्हणाले. कारण वेगळं होतं, ते पुढे येईलच.

पहाटे साडेपाचला निघाले. लोणीच्या पुढे धुकं, उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्या मागे लाल दिवा नाही म्हणून जीव मुठीत. यवतच्या आसपास गुऱ्हाळं लागली आणि बंद काचेतूनही काकवीचा वास आत आला. चौफुल्याला मामा कानटोपी, मफलर आणि हातात पिशवी घेऊन उभे होते. पिशवीत मामीने दिलेल्या तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ओल्या हरभऱ्याच्या डहाळ्या. गाडीतला आकडा ११ अंश दाखवत होता. सूर्य उगवायला सात वाजून गेले तेव्हा आम्ही फाटकाशी होतो. नाव, गाव, गाडीचा नंबर वहीत लिहिला, पावती घेतली आणि आत शिरलो.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही. नवखा माणूस असेल तर हमखास विचारतो की जंगल कुठे आहे. पुण्याहून जाणाऱ्याच्या डोक्यात जंगल म्हणजे ताम्हिणी किंवा भीमाशंकर. सुप्याला जमीन लाटांसारखी हलकेच चढते, उतरते. तिच्यावर गुडघाभर गवत, मधूनच एखादा हिवर, बोर, खैर, खुरटी बाभूळ आणि पिवळ्या फुलांचा तरवड. पावसाळ्यात हिरवं असलेलं हे गवत जानेवारीत तांबूस-सोनेरी होतं. सकाळचं ऊन तिरपं असतं आणि ते गवताच्या तुऱ्यांमधून आरपार येतं. अर्धा तास हा रंग टिकतो. साडेआठ वाजले की सगळं फिकट दिसायला लागतं. म्हणून माझा आग्रह असतो की यायचं तर उजाडताना या.

मामांनी मला गवतं शिकवली. मी पुस्तकातून पाठ केलेली नावं आणि त्यांच्या तोंडची नावं बरीचशी जुळली. हे पवन्या, जनावर आधी यालाच तोंड लावतं. हे मारवेल, बांधावर आणि ओल धरणाऱ्या जागी. आणि ही कुसळी. कुसळी त्यांनी मुद्दाम दाखवली. वाटेकडेच्या तुऱ्यातून त्यांनी एक बी सोडवलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. टोकाला सुईसारखी अणी, तिच्यावर मागे वळलेले बारीक तांबूस केस, आणि मागे बोटापेक्षा लांब काळपट शेपूट, खालच्या अर्ध्या भागात पीळ पडलेलं. मामांनी बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब त्या पिळावर सोडला.

"आता बघ."

दोन-चार क्षण काही झालं नाही. मग ते शेपूट हलायला लागलं. पीळ उलगडत गेला, शेपटाचं मोकळं टोक माझ्या तळहातावर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरलं आणि अणी कातडीत रुतल्याचं मला जाणवलं. वाळलं की ते पुन्हा पीळ घेतं, ओल लागली की उलगडतं. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन एवढ्यावर हे बी स्वतःला मातीत पेचासारखं घुसवतं, आणि मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. मेंढराच्या लोकरीतून ते कातडीपर्यंत जातं म्हणून धनगर कुसळी पिकली की त्या भागातून कळप काढतात, हेही मामांनीच सांगितलं. माळावरचं गवत दरवर्षी कोण पेरतं, या प्रश्नाचं उत्तर तळहातावर होतं.

इथे गवतच का आणि झाडं का नाहीत, हे समजून घेण्यासाठी फार लांब जावं लागत नाही. वाटेच्या कडेला पाण्याने कापलेली घळ होती. तिच्यात उभं राहिलं की थर दिसतात: वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. सह्याद्रीने बहुतेक पाऊस पलीकडे उतरवून घेतलेला. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या वर पडतो, सुप्या-बारामतीकडे पाचशेच्या आसपास, तोही लहरी. एवढ्या मातीत आणि एवढ्या पाण्यात दाट झाडी उभी राहत नाही. गवत राहतं, कारण त्याचा मोठा कारभार जमिनीखाली चालतो. वरचं पान वाळलं, चरलं, जळलं तरी मुळं जिवंत असतात.

मामा म्हणाले, "बहात्तरला हिथं मातीबिगर काय नव्हतं. जनावरं छावणीत, मानसं खडी फोडायला. आमाला वाटलं माळ संपला. त्र्याहत्तरला पाऊस आला अन् पंधरा दिसात हिरवंगार. कुणी पेरलं नव्हतं, कुणी पानी घातलं नव्हतं."

हा माळ माणसाने झाडं तोडून केलेला आहे, इथे पूर्वी घनदाट अरण्य होतं, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. अलीकडे संशोधकांनी जुन्या मराठी ओव्या, आख्यानं आणि संतचरित्रं चाळून त्यांत येणाऱ्या झाडाझुडपांची नोंद केली. त्यांत बाभूळ, बोर, हिवर अशी उघड्या माळावरचीच झाडं पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यावरून पश्चिम महाराष्ट्रातले माळ निदान साडेसातशे वर्षं जुने आहेत असं ते मांडतात. खंडोबा-बिरोबाच्या गाण्यांत वाढलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. मामांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली.

चिंकारा दिसलं ते बोरीच्या झाडाखाली. आधी मला दिसलं ते शेपूट. चिंकाराचं शेपूट आखूड, काळं, आणि ते सारखं हलत असतं. अंगाचा रंग वाळल्या गवतात इतका मुरतो की उभं जनावर नजरेतून निसटतं, पण काळं शेपूट लपत नाही. आम्ही इंजिन बंद केलं. एक मादी होती, तिच्यामागे वर्षाच्या आतलं पिल्लू, आणि पंधरा-वीस पावलांवर दुसरी मादी. काळवीट आणि चिंकारा यांत गोंधळ होतो त्यांच्यासाठी सांगते: काळविटाच्या मादीला शिंगं नसतात, चिंकाराच्या मादीला असतात. नराची वळ्यावळ्यांची, वीतभर किंवा थोडी जास्त. मादीची बोटभर, बारीक, जवळजवळ सरळ. डोळ्यापासून नाकाकडे जाणारी गडद रेघ, तिच्यावर पांढरी रेघ, आणि त्यामुळे चेहरा कोणीतरी काळजीने रंगवलेला वाटतो.

मादी खाली पडलेली बोरं खात होती. बोर तोंडात घ्यायची, जबडा आडवा फिरवायची, मान वर करून आमच्याकडे पाहायची, पुन्हा खाली. वाऱ्याची दिशा बदलली असावी. तिने पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि नाकातून शिंकेसारखा फुस्स आवाज काढला. पिल्लू त्याच क्षणी तिच्या पलीकडे गेलं. दोन्ही माद्या पळाल्या नाहीत, गवतातून चालत उतारापलीकडे दिसेनाशा झाल्या. हिवाळ्यात त्यांना पाण्याची फारशी पर्वा नसते. पाला, बोरं आणि पानांवरचं दव यांतून त्यांचं बरंचसं भागतं. उन्हाळ्यात पाणवठे लागतात.

बोरीपासून थोड्या अंतरावर लेंड्यांचा ढीग होता, जुन्या पांढुरक्या आणि नव्या काळ्या. चिंकारा ठरावीक जागी येऊन लेंड्या टाकतात, हद्द राखण्याची ती एक रीत. मामा ढिगाकडे बोट करून म्हणाले, "ही त्यांची चावडी. हिथं कोन आलं, कोन गेलं, समदं त्यांना कळतं."

तेवढ्यात मागून दुसरी गाडी आली. लांब लेन्सवाले तिघे. हरणं उतारापलीकडे गेली हे पाहिल्यावर त्यांनी गाडी सरळ वाटेवरून खाली, गवतात घातली. मामा खिडकीतून अर्धे बाहेर निघून ओरडले, "ओ पाव्हणं! घरं हायत तिथं!" गाडी थांबली, वाटेवर परत आली. मामांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. माळटिटवी, धाविक, चंडोल, तित्तर, लावा हे सगळे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. ससा गवतात बसलेला असतो, खोकडाचं बीळ गवतात असतं. चाकाच्या दोन पट्ट्या गेल्या की तिथलं गवत पुढच्या पावसापर्यंत उठत नाही आणि पुढची गाडी त्याच पट्ट्यांवरून जाते. फोटो काढणाऱ्या मंडळींना हात जोडून सांगणं आहे, वाट सोडू नका. हरीण पुन्हा वाटेवर येतं. थांबावं लागतं, एवढंच.

पक्ष्यांबद्दल लिहायला बसले तर ही पोस्ट संपणार नाही, म्हणून जे नीट पाहिलं तेवढंच. काटेरी कुंपणावर गप्पीदास, दगडावर ताठ उभा रणगोजा, बांधावर शेपूट थरथरवणारा थिरथिरा. हे तिघेही पाहुणे, उत्तरेकडून येणारे. एका बाभळीवर खाटकाने काट्याला टोचून ठेवलेला नाकतोडा होता, अजून पाय हलत होते. साडेआठनंतर पाणवठ्यावर पखुर्ड्या आल्या. आधी आवाज, मग आभाळात वेगाने येणारा थवा, मग सगळ्या एकदम खाली. पाणी पितात, दहा-पंधरा सेकंदांत उडतात. पिल्लं असतात तेव्हा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि कित्येक किलोमीटर उडून पिल्लांना ती चोखायला देतो. मामांनी हे कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी थवा गेला त्या दिशेकडे बराच वेळ पाहिलं आणि मग एकच प्रश्न विचारला, "पिसात पानी ऱ्हातं?" राहतं. पखुर्डीच्या पोटाच्या पिसांची बारीक रचनाच पाणी धरून ठेवणारी असते.

अकराला बाहेर पडलो. जेवण एका ओळखीच्या शेतात, विहिरीच्या कडेला. ज्वारी हुरड्यावर होती आणि भोरड्यांचे थवे तिच्यावर तुटून पडत होते. एक पोरगा मचाणावरून गोफण फिरवत होता. भाकरी, चटणी, हरभरा, वर शेतमालकाने भाजून दिलेला हुरडा. एवढं पुरे.

दुपारी मोरगावच्या बाजूला धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरणारं बिऱ्हाड, भेटला. दिवाळीनंतर या भागातले पुष्कळ वाडे मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या आधी परततात. हा वाडा यंदा गेला नव्हता, म्हाताऱ्या आईची तब्येत बरी नव्हती म्हणून. एका शेतात मेंढरं बसवली होती. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. मामा आणि तो धनगर दोघेही जमिनीवर बसले, तंबाखू निघाली, आणि बोलणं लांडग्यावर आलं.

"येतो का हल्ली?" मामांनी विचारलं.

"येतो की. मागल्या अमावसेला एक कोकरू नेलं."

"मग?"

"मग काय? त्याचं बी पोट हाय. तेचा वाटा तेला. पर मामा, तेच्यापेक्षा ही कुत्री वंगाळ झाल्यात."

कुत्र्यांचं हे बोलणं मी हल्ली दर हिवाळ्यात ऐकते. हॉटेलांच्या आणि कोंबडीच्या शेडच्या उकिरड्यांवर पोसलेल्या भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या माळावर फिरतात, चिंकाराच्या पिल्लांमागे लागतात, आणि लांडग्यांमध्ये मिसळतात. पुणे परिसरातल्या लांडग्यांत कुत्र्याचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. धनगराला हे जनुकांच्या भाषेत माहीत नव्हतं. पण गेल्या वर्षी पाहिलेला एक प्राणी "लांडगा न्हवं अन् कुत्रं बी न्हवं" असा होता, रंगाने पिवळट, हे त्याने आपणहून सांगितलं. लांडग्याला हद्द नसते. ५ चौरस किलोमीटर त्याला एका रात्रीलाही पुरत नाहीत. अभयारण्याचं कुंपण जिथे संपतं त्याच्या पुढे जो माळ आहे, गायरान आहे, पडीक रान आहे, त्याच्यावर तो जगतो.

आता मामांच्या होकाराचं कारण. आजोळच्या गावाला साठ-सत्तर एकरांचं गायरान आहे. त्यावर येत्या पावसाळ्यात दोन हजार रोपं लावायचा बेत चालला आहे. काही उत्साही तरुण गावातले, आणि त्यांच्या जोडीला पुण्यातली एक मंडळी, त्यांत आमच्या सोसायटीतलीही काही माणसं. त्यांच्या मनात वाईट काही नाही. पैसे गोळा केलेत, टँकरची सोय लावलीय, सुट्टीचे रविवार द्यायला तयार आहेत. त्यांना गायरान म्हणजे उघडी, दुखावलेली जमीन वाटते आणि ती झाकावी असं वाटतं. एका कडेला यंत्राने खड्डे मारूनही झाले आहेत. आणायची रोपं बरीचशी गिरिपुष्पाची, ज्याला आमच्याकडे उंदीरमारी म्हणतात, कारण ते झटपट वाढतं. मामांना हे पटत नव्हतं, पण ग्रामसभेत उठून झाडांच्या विरोधात कसं बोलायचं, हा त्यांना पेच होता. झाडाला नको म्हणणारा माणूस वाईटच दिसतो. म्हणून ते माझ्याबरोबर आले होते. अभयारण्यातलं गवत सरकार राखतं तर गावातलं का नको, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं.

पाच वाजता आम्ही त्या गायरानावर पोचलो. खड्ड्यांच्या रांगेच्या पलीकडे गवत जसंच्या तसं होतं, अभयारण्यातल्याहून दाट म्हणावं असं. बांधावर बसलो. मी मामांना दुर्बीण कशी धरायची ते दाखवलं.

सूर्य टेकायच्या जरा आधी पहिला भोवत्या आला. भोवत्या म्हणजे हॅरियर, घारीच्या जातकुळीतला पण अंगाने सडपातळ, लांब पंखांचा. तो गवताच्या वर दोन-तीन हातांवरून तरंगत येतो, पंख किंचित वर उचलून धरलेले, आणि सारखा खाली बघत असतो. ही तपकिरी मादी होती, शेपटीच्या मुळाशी पांढरा ठिपका. तिने गवतावरून दोन फेऱ्या मारल्या. मग राखाडी नर आला, पंखांची टोकं काळी, मावळतीच्या उजेडात जवळजवळ पांढरा दिसणारा. मग पश्चिमेकडून आणखी तीन. सूर्य बुडाल्यावर ते चारी बाजूंनी यायला लागले. एकमेकांना न अडवता फिरत राहायचे, अचानक पंख मिटून गवतात उतरायचे, पुन्हा उठायचे, दुसरी जागा बघायचे, आणि शेवटी एकदा उतरले की दिसायचे बंद. एकोणीसपर्यंत मी मोजले. नंतर अंधारात मोजता येईना.

हे पक्षी रात्री जमिनीवर झोपतात, गवताच्या आत, एकमेकांपासून थोड्या थोड्या अंतरावर. झाडावर नाही. उन्हाळ्यात ते कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात घरटी करतात. भारतात उपग्रहाचे टॅग लावून सोडलेले भोवत्ये तिथवर गेल्याच्या नोंदी आहेत. हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून इकडे येतात आणि दिवसभर माळावर आणि शेतांवर नाकतोडे, उंदीर, लहान पाखरं खातात. शेतकऱ्याचं काम फुकट करतात. त्यांना इथून दोनच गोष्टी हव्यात, नाकतोडे आणि झोपायला उभं गवत. गुजरातेतलं वेळावदर भोवत्यांच्या अशा रातथाऱ्यासाठी जगभर माहीत आहे. आमच्या आजोळच्या गायरानाचं नाव कुठेच नाही.

मामांनी दुर्बीण खाली घेतली. "हे मी आयुष्यभर बघतोय. घारीवानी येक पाखरू, दिस मावळताना येतंय. कुठनं येतंय ते कधी कुणी सांगितलं न्हाई." मग जरा थांबून, "हितं खड्डं मारलं तर ते कुठं निजायचं?"

मी त्यांना सरळ सांगितलं की नाही निजणार. गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहिल्या की सावलीत हे गवत टिकत नाही, त्याला पूर्ण ऊन लागतं. गवत गेलं की नाकतोडे गेले, तित्तर गेले, ससे गेले, आणि मेंढरांचा चाराही गेला. गावाला सावली हवी आहे, हे खरं. तिला जागाही आहेत: शाळेचं आवार, स्मशानाची वाट, विहिरींच्या कडा, ओढ्याचा काठ, एसटी थांबा. तिथे वड, पिंपळ, कडुनिंब, करंज लावा, पाच वर्षं पाणी घाला, मी स्वतः पैसे देईन. दोन हजारांऐवजी दोनशे झाडं लावा आणि ती सगळी जगवा. गायरानाला मात्र तसंच राहू द्या. खरं तर गायरानाला थोडं राखण हवं आहे: वणव्याच्या दिवसांत आग अडवायला गवत काढलेल्या आडव्या पट्ट्या, चराई आळीपाळीने, आणि कडेला टाकला जाणारा बांधकामाचा राडारोडा बंद. हेच सोसायटीतल्या मंडळींनाही मी आमच्या बैठकीत सांगितलंय. दोघींनी ऐकून घेतलं, एकजण चिडला, बाकीचे विचार करतो म्हणाले. त्यांना भोवत्या दाखवायला आणायचं मी ठरवलंय, फेब्रुवारी सरायच्या आत, कारण मार्चमध्ये ते परत निघतात.

मामांना मी आणखी एक गोष्ट सांगितली जी त्यांना माहीत नव्हती. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने गावची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावात काय उगवतं, कोण राहतं, कोण पाहुणा येतो, हे गावाने स्वतः लिहायचं. भोवत्यांचा रातथारा त्या वहीत चढला तर पुढे कोणीही गायरानावर काही करायला आलं की गावाकडे दाखवायला कागद असेल.

"मंजी बोलायचं न्हाई, लिहून द्यायचं," मामा म्हणाले. हा मार्ग त्यांना आवडला. परत जाताना गाडीत त्यांनी मला गवतांची नावं पुन्हा एकेक करून सांगितली आणि मी ती लिहून घेतली: पवन्या, मारवेल, कुसळी, आणि आणखी चार ज्यांची पुस्तकातली नावं मला शोधावी लागतील. पक्ष्यांची यादी मी करतेय. दोन्ही मिळून दोन पानं होतील, खाली मामांची सही आणि गायरानाचा गट नंबर.

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे. दौंड, बारामती, इंदापूर या पट्ट्यातल्या कुठल्याही गायरानावर तुम्ही या हिवाळ्यात संध्याकाळी भोवत्ये उतरताना पाहिले असतील, तर गावाचं नाव, तारीख आणि अंदाजे संख्या मला २४ तारखेपर्यंत कळवा. शेजारच्या गावांच्या नोंदी जोडता आल्या तर मामांच्या कागदाला वजन येईल. जागेचा नेमका पत्ता मी इथे छापणार नाही, तो फक्त त्या त्या गावच्या ग्रामसेवकाकडे जाईल.